एकाच नक्षत्राची पोरं

प्रवीणचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात चंद्राबाई सोनुबाईच्या पडवीत येऊन उभी राहिली.

"सोनू, उद्या माझ्याबरूबर कर्जतला चल. एकलीनं जायला पाय उचलत नाय."

कुठं आणि कशाला, हे सोनुबाईनं विचारलं नाही. त्या दिवसांत चंद्राबाईनं विहिरीकडं चल म्हटलं असतं, तरी ती पायात चपला सरकवून निघाली असती.

कडावात दोघींची घरं शेजारी शेजारी. मध्ये एक शेवग्याचं झाड आणि दोन्ही घरांचे कपडे वाळत घालायची एकच तार. दोघींचे मुलगे एका दिवशी, एका खोलीत जन्मले. एका शाळेत गेले, एका कारखान्यात लागले. आणि जानेवारीच्या सतरा तारखेला, पहिल्या पाळीला म्हणून, धुक्यात एकाच मोटारसायकलवरून निघाले. चौक गावात थांबून चहा प्याले. गाडी सोनुबाईच्या योगेंद्रची. चौकपर्यंत तोच चालवत होता. तिथून पुढं प्रवीण म्हणाला, "दे, मी घेतो, तुझे हात गारठलेत." कुंभिवलीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर उभा होता, मागचे दिवे बंद. प्रवीण जागच्या जागी गेला. मागं बसलेला योगेंद्र उडून कडेच्या गवतात पडला. कोपराला टाके पडले, तेवढंच.

तेव्हापासून सोनुबाईला स्वतःच्या घरात हसता येत नव्हतं आणि चंद्राबाईच्या घरात रडता येत नव्हतं. डोळ्यांना पदर लावला की वाटायचं, ही मनात म्हणत असेल, हिचं काय जातंय रडायला!

कर्जतला चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर रोहिदास सर बसत. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. निवृत्त झाल्यावर ज्योतिष आणि अंकशास्त्र बघू लागले. घाटाखालच्या पट्ट्यात कुणाचं गाडीखाली माणूस गेलं की घरचे एकदा तरी त्यांची माडी चढत. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वर्तमानपत्रांतली अपघातांची कात्रणं चिकटवलेली होती. दरीत गेलेली बस, उलटलेला टँकर. प्रत्येकावर लाल शाईनं तारीख आणि तिची बेरीज. सोनुबाईनं एकदाच तिकडं बघितलं आणि मग मान खाली घातली ती वर केली नाही.

सर बोलायला मऊ होते. त्यांनी दोघींना आधी पाणी दिलं.

"जन्मतारीख सांगा."

"सव्वीस ऑगस्ट," चंद्राबाई म्हणाली. "सन दोन हजार. शनवार हुता."

"दोन आणि सहा, आठ. मूलांक आठ. आठ हा शनीचा अंक, आणि वारही शनिवार." त्यांनी कागदावर आकडे मांडले. "सगळ्या तारखेची बेरीज अठरा. एक आणि आठ, नऊ. नऊ हा मंगळाचा. शनी-मंगळ एका घरात आले की जपून राहायचं असतं, बाई. अपघात किती तारखेला?"

"सतराला."

"एक आणि सात?"

ते वर्गात विचारावं तसं विचारत होते, आणि सोनुबाईच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आठ."

"गाडीचा नंबर?"

हाही तिलाच सांगावा लागला. गाडी तिच्या पोराची होती. तीन, सात, सहा, एक. सरांनी बेरीज केली. सतरा. पुन्हा आठ. चंद्राबाई त्या आठांकडं बघत राहिली. मग सरांनी तारखेवरून संगणकावर ग्रह काढले. रास कर्क, नक्षत्र पुष्य, पुष्याचा स्वामी शनी. शनी सध्या कुंभेत, म्हणजे कर्केला आठवा. आणि त्या दिवशी मंगळ वक्री होऊन नेमका कर्केत आलेला, मुलाच्या चंद्रावर.

"म्हंजी व्हायाचंच हुतं ते," चंद्राबाई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे जरा खाली आले. काही का असेना, कारण सापडलं होतं. सोनुबाईलाही बरं वाटलं. आता उठावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात सरांनी विचारलं, "जन्मवेळ काय?"

"साडेआठ. रातचे."

सर पडद्याकडं बघत राहिले. चष्मा वर ढकलला, खाली केला.

"वेळ नक्की आहे?"

"डाक्तरीणबाईंनीच सांगितल्याली."

"मीन लग्न येतंय. शनी तिसरा. लग्नस्वामी गुरू त्याच्याबरोबर." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "ही तर दीर्घायुष्याची पत्रिका आहे. वाहनापासून घात हिच्यात मला दिसत नाही."

"हिचा योगेंद्र पन त्याच दिवशीचा," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या आधी तासभर."

सरांनी सोनुबाईकडं बघितलं. तिला सांगायचं नव्हतं. पण चंद्राबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "साडेसात."

सरांनी साडेसात टाकलं. पडद्यावरची घरं हलली. बराच वेळ अडलेलं गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! कुंभ लग्न. लग्नस्वामी शनीच, आणि तो चौथ्या घरात. चौथं घर वाहनाचं! आता सगळं जुळतं. जाणारा हा..."

आणि ते थांबले. समोर कोण बसलंय हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो जिवंत हाय," सोनुबाई म्हणाली. "घरी हाय. सकाळी भाकर खाल्ली त्यानं."

खाली एक टेंपो मागं घेत होते, त्याचा पीं पीं आवाज येत होता.

"म्हंजी माझा जगायचा हुता," चंद्राबाई सावकाश म्हणाली. "आन हिचा जायाचा हुता."

"बाई, असं एकदम धरू नका. कधी कधी वेळा उलट्या नोंदल्या जातात."

"वेळा उलट्या, का पोरं उलटी?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नको होतं तेवढं बोलून गेल्यासारखे ते बसून राहिले. निघताना जिन्याच्या तोंडाशी त्यांनी सोनुबाईला हळूच थांबवलं. "पाडव्याच्या सुमाराला शनी रास बदलतोय. तोवर मुलाला जपा. गाडीवर बसू देऊ नका."

एसटीत दोघी एका बाकावर बसल्या. कडाव येईपर्यंत चंद्राबाई खिडकीबाहेर बघत होती, आणि सोनुबाई आपल्या हातांकडं.

दुसऱ्या दिवसापासून सोनुबाईच्या डोक्यात जे फिरू लागलं ते थांबेना. भाताचं पाणी ठेवताना, म्हशीखाली बसताना तेच. पोरं बदलली नसतील, तर योगेंद्र आपला; पण मग पत्रिकेतला घात त्याच्या मागावर अजून आहे, एकदा चुकून शेजारच्यावर पडला इतकंच. आणि पोरं बदलली असतील, तर जगणाऱ्या पत्रिकेचा तो जगला. त्याला आता काही भ्या नाही. पण मग तो आपला नाही. पोरगं आपलं असेल तर जाणार, राहणार असेल तर आपलं नाही. यातलं काय मागावं? देवापुढं दिवा लावून ती उभी राहायची आणि काहीच न मागता मागं फिरायची.

ती त्या संध्याकाळची आठवण काढी. कडावातच एका डॉक्टरीणबाईंचं चार खाटांचं बाळंतपणाचं घर होतं, आता ते बंद आहे. दोघींना एकदम कळा लागल्या म्हणून गावात हशा झाला होता. दिवे गेले होते. गौराबाई नावाची आया कंदील घेऊन आत-बाहेर करत होती. पोर धुवायला म्हणून तिनं आत नेलं. हिरव्या फडक्यात गुंडाळलं होतं की पांढऱ्या? पहिल्यांदा आठवलं तेव्हा हिरवं होतं. दुसऱ्यांदा पांढरं. तिसऱ्यांदा आठवलं तेव्हा दोन्ही पोरं एकाच टेबलावर होती. आणि हे आधी कधी आठवलं नव्हतं, मग आताच कसं आठवतंय, हेही तिला समजेना.

मग ती योगेंद्रकडं बघू लागली. तो डावखुरा. आपल्या घरात कुणी डावखुरं नाही. मालोजी मात्र, म्हणजे चंद्राबाईचा नवरा, डाव्या हातानं कोयता चालवतो. पण पोराचे कान मात्र अगदी त्याच्या बापासारखे, बाहेर आलेले. तिच्या नवऱ्याचे, गजाचे कान म्हणजे गावभर चेष्टेचा विषय. कान एका घरचे आणि हात दुसऱ्या घरचा, असं कुठं असतं का?

गजाला तिनं चार दिवसांनी सांगितलं. तो गावातलं दूध गोळा करून कर्जतला पोचवायचा, दुपारी रिकाम्या किटल्या धुवत बसला होता. आधी तो हसला. मग त्याला राग आला.

"मी काय रोहिदास मास्तरच्या संगणकाला इचारून त्याला खांद्यावर बसवून जत्रंला नेला? पोराचं हाड शाबूत हाय, तेवढं बघ. आन हे पोराला सांगू नको."

"पर त्याच्या जिवाला..."

"सांगू नको म्हनलं ना."

सांगायची गरजच पडली नाही. चंद्राबाई शेवग्याखाली येऊन उभी राहू लागली. योगेंद्र अंगणात आला की त्याच्याकडं बघे. मग त्याला जेवायला बोलावू लागली. प्रवीणचा मित्र, प्रवीणच्या आईनं बोलावलं, नाही कसं म्हणणार? तो जाई, मान खाली घालून जेवे. अपघातापासून तो तसाही मुकाच झाला होता. एका दुपारी तो घरी आला आणि म्हणाला, "आये, मावशी माझ्या मानंवर काय शोधते?"

"काय शोधतीय?"

"केस बाजूला करून बघते. प्रवीणच्या बापाच्या मानंवर तीळ हाय म्हणते. मला हाय का गं?"

सोनुबाईनं त्याची मान बघितली नाही. "हात धू," म्हणाली, "आन माज्यासमोर बस जरा."

तो बसला. थोड्या वेळानं तो उठून गेला.

मालोजीला हे सगळं पसंत नव्हतं. तो रोज सकाळी उठून पोलीस ठाण्यात जात होता, त्या ट्रेलरचं काय झालं म्हणून विचारायला. एकदा तो तारेजवळ सोनुबाईला भेटला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"वयनी, तुमी दोघी गेलावता तवा मास्तरनं समद्याची बेरीज केली म्हनं. पोराची, तारखंची, गाडीची. आन दिवा न लावता उभा हुता त्याचा नंबर इचारला का वो?"

"नाय इचारला."

"मंग कसली बेरीज!" असं म्हणून तो निघून गेला. सोनुबाईला ते पटलं. आणि पटूनसुद्धा तिच्या मनातली भीती तसूभर हलली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी तिनं गौराबाईला गाठायचं ठरवलं. आया आता म्हातारी झाली होती आणि कुंभिवलीला लेकीकडं राहत होती. सोनुबाई घरात काही न सांगता निघाली. कर्जतहून चौक, चौकहून पुढं. ती जागा वाटेतच होती. तिनं डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं, पण उघडेच राहिले. कडेला वाळकं गवत, एक तुटका आरसा, आणि एक मोठा ट्रक उभा. दिवसा उभा होता, म्हणून दिसला.

गौराबाई गॅरेजच्या मागच्या घरात खाटेवर बसून चिंचोके फोडत होती. ओळख पटायला वेळ लागला. मग मात्र तिनं सोनुबाईचा हात सोडला नाही.

"त्या रातीला दिवे गेलेले ना गं, गौरामावशी?"

"नाय गं. दिवे हुते. दिवे गेले ते गनपतीत, ती कशेळ्याची बाय अडली तवा."

"कंदील हुता ना तुझ्या हातात?"

"कंदील माझ्या हातात कायमच असायचा."

"पयलं पोर कुनाचं झालं? माझं का चंद्राचं?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "चंद्राचं. का तुझं? एक काळंनिळं हुतं, लई उशिरा रडलं. त्याला मी पायाला धरून चापट मारली. ते कुनाचं?"

सोनुबाईला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. "आन वेळ? साडेसात, साडेआठ?"

"वेळ!" गौराबाई हसली, तिचे दात कधीच गेले होते. "भिंतीवरचं घड्याळ बंदच हुतं बाय. डाक्तरीणबाई हात धुताना मनगटावरचं काढून ठेवायच्या, मंग समदं झाल्यावर अंदाजानं सांगायच्या. लोकान्ला पत्रिकंला वेळ लागती ना. कुनाला रिकामी कशी पाठवायची?"

"मावशी, पोरं बदलली तर नसतील?"

गौराबाईनं हात काढून घेतला. तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातनं? कधीच नाय." ती पुन्हा चिंचोक्यांकडं वळली. एक फोडला, दुसरा फोडला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आता कुनाला ठावं गं. त्या पावसात किती पोरं काढली आमी."

येताना सोनुबाई कर्जतला उतरली आणि तडक माडी चढली. रोहिदास सर एकटेच बसले होते. तिनं घड्याळाची गोष्ट सांगितली.

"वेळच नसेल तर लग्न काढता येत नाही," ते म्हणाले. "मग दोन्ही पत्रिका बाद."

"तारीख तर खरी हाय ना? आठ, नऊ, ते समदं?"

"तारीख दोघांची एकच आहे, बाई."

"मंग एक कसा गेला आन एक कसा ऱ्हायला?"

सरांनी मागच्या कात्रणांकडं बघितलं. "मी शाळेत मुलांना म्हणायचो, उत्तर आधी बघून गणित सोडवू नका. उत्तर ठाऊक असलं की रीत कशीही जमवता येते." ते थांबले. "पण आठवा शनी खरा होता. मंगळही तिथं होताच. ते मी खोटं कसं म्हणू? मला त्या दिवसापासून नीट जेवण जात नाही. तुमच्या मैत्रिणीला सांगा, मी चुकलो."

"चुकला म्हंजी पाडव्यापर्यंतचं भ्या पन चुकलं ना?"

सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. "जपलेलं बरं," म्हणाले.

सोनुबाईनं घरी येऊन सगळं चंद्राबाईला सांगितलं. सर चुकले म्हणाले, हेही सांगितलं. चंद्राबाईनं ऐकून घेतलं. तिची मुलगी नम्रता तिथंच बसली होती. ती खालापूरकडं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचे डोळे सुजलेले असायचे, पण बोलणं स्पष्ट.

"आई, हे किती दिवस चालणार? रक्त तपासून कळतं हल्ली. तुझं आणि योगेंद्रचं. एकदा काय ते समजू दे. भाऊ गेलाय माझा, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात!"

"तपासूया," चंद्राबाई म्हणाली. तिनं सोनुबाईकडं बघितलं. "तुझी ना नाय ना?"

"इचारते," सोनुबाई म्हणाली आणि घरी आली.

तिनं कुणालाच विचारलं नाही. दुसरा दिवस तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. योगेंद्रचे टाके केव्हाच निघाले होते. त्याच्या मित्राची मोटारसायकल बाहेर उभी होती आणि तो तिच्या सीटवर हात ठेवून नुसता उभा होता. चढला नाही. पण एक ना एक दिवस चढणार, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. सोनुबाईनं ते बघितलं, आणि तिच्या मनातलं इतक्या दिवसांचं काहीतरी एका बाजूला कलंडलं. ती पदर खोचून शेवगा ओलांडून गेली.

चंद्राबाई चुलीपुढं बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"चंद्रा, तपासायचं नाय."

"का?"

"तुझाच हाय तो. मला आठवलं आता समदं. हिरव्या फडक्यातला माझा हुता. गौरानं चुकून पांढऱ्यातला दिला. तुझा हाय, तुला घे. साडेआठचा तोच." ती भराभर बोलत होती, थांबलो तर फिरू, असं वाटून. "तो शंबर वर्सं जगल. मास्तरनंच सांगितलं ना, त्या पत्रिकंचा जगतो म्हनून."

चंद्राबाई फुंकणी हातात धरून तिच्याकडं बघत राहिली. चुलीतला धूर दोघींच्या मध्ये पसरला होता. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. सोनुबाईनं तो स्पष्ट बघितला, तो तिला जन्मभर विसरता येणार नाही. मग तो आनंद तिथंच घोटाळला आणि तिच्या कपाळावर एक आठी पडली.

"मंग माझा जो गेला," चंद्राबाई म्हणाली, "तो कोन?"

सोनुबाईनं खोचलेला पदर सोडला.

"तो तुझा? प्रवीण तुझा?" तिचा आवाज चढला. "ज्याला मी गोवरात मांडीवर घेऊन बसली तो? ज्याच्या डोस्क्याला मी त्या दिवशी तेल लावून धाडला? तो तुझा म्हंतीस?"

"चंद्रा, मी..."

"मंग रड ना! तुझं पोर गेलंय, रड की! ऊर बडव. मला दिसू दे, त्याची आय कशी रडती ती."

सोनुबाई उभीच होती. तिला रडू येत होतं. पण ते कुणासाठी, चंद्राबाई म्हणते त्यासाठी की दुसऱ्याच कशासाठी, हे तिला कळेना, म्हणून तिनं डोळे कोरडेच ठेवले.

चंद्राबाई उठली. फुंकणी भिंतीशी टेकवली. "नाय," ती म्हणाली. "जिवंत घ्यायचा तर मेल्याला द्यावा लागतो व्हय गं? हे मला मास्तरनं नाय सांगितलं." ती भिंतीवरच्या फोटोकडं गेली. हार सुकला होता. तिनं काचेवरून पदर फिरवला. "प्रवीण माझाच. तो मी कुनाला द्यायची नाय. तुला बी नाय."

"बरं," सोनुबाई म्हणाली.

"तुझं पोर तू संभाळ."

"बरं."

"आता जा. मला एकलीला बसू दे."

सोनुबाई घरी आली. पोरगं परत मिळालं होतं. भ्याही त्याच्याबरोबर परत आलं होतं. ती पडवीत बसली आणि मग तिला रडू आलं.

बरेच दिवस चंद्राबाई बोलली नाही. तारेवर कपडे घालायला नम्रता यायची. योगेंद्र घरीच राहिला. कारखान्यातून दोनदा फोन आला. पाडवा आला, गुढ्या उभ्या राहिल्या, मालोजीच्या दारात नव्हती. पाडवा गेला. योगेंद्रला काहीही झालं नाही. शनीनं रास बदलली, असं गजा हसत हसत म्हणाला. सोनुबाईला वाटलं होतं, त्या दिवशी छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही. घड्याळच बंद होतं म्हटल्यावर पाडव्याचा तरी भरवसा कसा धरायचा? आणि पाडव्याचा भरवसा धरायचा नाही, तर आधीचं भ्या तरी कशाला धरलं? असं ती स्वतःशीच बोलत राही आणि बोलता बोलता भाजी करपून जाई.

चैत्र सरता सरता शेतात राब भाजायचे दिवस आले. शेण, पालापाचोळा, गवत पसरून जमीन भाजायची, मग पावसात तिथं भाताची रोपं. दोन्ही घरांचे तुकडे लागून लागून आहेत. सोनुबाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली, तर चंद्राबाई बांधावर बसली होती. एकटीच होती. मालोजी पोलीस ठाण्यात गेला होता. ट्रेलरचा मालक सापडला होता म्हणे.

सोनुबाईनं भारा टाकला. तिनं चंद्राबाईच्या तुकड्यात पाला पसरायला घेतला. थोड्या वेळानं चंद्राबाईही उठली. दोघी दोन टोकांनी पसरत मधे आल्या.

"कामाला जातो का तुझा?" चंद्राबाईनं विचारलं.

"सोमवारपासनं जातो म्हंतोय. गाडीवरनंच जानार म्हंतोय. गाडी दुरुस्त करून आनली बापानं."

"नंबर तोच?"

"तोच. बदलावा का गं?"

चंद्राबाईनं हातातला पाला झटकला. बराच वेळ तिनं आग कुठून लावायची ते बघण्याचं सोंग केलं.

"मला काय ठावं, सोनू," ती म्हणाली. "मला आता काय बी ठावं नाय." मग तिनं काडी ओढली. "पुढचा दिवा लागतो का बघून घे म्हनावं. मागचा पन."

धूर उठला आणि वारा फिरला. दोघी डोळे चोळत बांधावर सरकल्या.